रहिवासी आणि रहदारी

महानगरपालिकेला एखादी योजना अमलात आणायची असते तेव्हा ती वर्तमानपत्रात निवेदन देऊन नागरिकांकडून 'हरकती व सूचना' मागवते. या शीर्षकाखाली जे लेखन जमा होते त्याला वाङ्मयप्रकार म्हणण्याचे धाडस कुणी करणार नाही. तरीही मराठी गद्याचे जे अनेक वापर आपल्या अभ्यासक्रमाबाहेर राहिले आहेत, त्यांतील हा एक महत्त्वाचा वापर आहे. सामान्य माणूस सार्वजनिक हिताविषयी लेखी बोलतो तो बहुधा इथे, किंवा वाचकांच्या पत्रव्यवहारात, किंवा सोसायटीने प्रभाग कार्यालयाला दिलेल्या निवेदनात. या बोलण्याला स्वतःची शैली आहे, ठरलेले शब्द आहेत, ठरलेली वाक्यरचना आहे. आणि त्या वाक्यरचनेवर कधी कधी माणसाचा जीव अवलंबून असतो. हे शेवटचे विधान अतिशयोक्तीचे वाटेल. ते तसे नाही, एवढे दाखवण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे. उदाहरण घेतले आहे ते पुण्यातील औंध या उपनगराचे आणि तेथील रस्त्यांविषयी, विशेषतः सायकलमार्गांविषयी, गेली काही वर्षे व्यक्त होत आलेल्या मतांचे.

औंध निवडण्याचे कारण असे की तिथे हा वाद पुस्तकी राहिला नाही. २५ जून २०१६ रोजी स्मार्ट सिटी अभियानातील कामांचा प्रारंभ पुण्यातच, बालेवाडी येथे, पंतप्रधानांच्या हस्ते झाला, आणि पुण्याने क्षेत्रविकासासाठी औंध-बाणेर-बालेवाडी हाच पट्टा निवडला होता. त्यानंतरच्या काळात औंधमधील डीपी रस्ता, आयटीआय रस्ता यांची फेररचना झाली: पदपथ रुंद झाले, बसण्यासाठी बाके आली, सायकलींसाठी वेगळी जागा आखली गेली आणि त्या प्रमाणात मोटारींची जागा कमी झाली. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने शहराचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. आठशेहून अधिक किलोमीटर लांबीचे सायकलींचे जाळे त्यात कल्पिलेले होते. त्याच महिन्यात भाड्याने मिळणाऱ्या सार्वजनिक सायकली विद्यापीठाच्या आवारात आणि औंधमध्ये आल्या. दोन-तीन वर्षांत त्या रस्त्यांवरून नाहीशा झाल्या. आराखड्यातील बहुतांश किलोमीटर कागदावरच राहिले. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर पुढची काही वर्षे नगरसेवकांच्या जागी प्रशासक आले आणि मार्च २०२५ मध्ये स्मार्ट सिटी अभियानही समाप्त झाले. मागे राहिल्या त्या आखलेल्या पट्ट्या, काही ठिकाणी सुस्थितीत आणि बऱ्याच ठिकाणी उखडलेल्या. आणि त्या पट्ट्यांविषयीची रहिवाशांची मते.

ही मते ढोबळमानाने चार प्रकारची आहेत. पहिले मत उपयुक्ततेचे: सायकल चालवतो कोण? पट्टी दिवसभर रिकामी असते आणि शेजारी मोटारी खोळंबलेल्या असतात, तेव्हा ही चैन कुणासाठी? दुसरे मत दुकानदारांचे व त्यांच्या ग्राहकांचे: गाडी लावायला जागा उरली नाही, तर गिऱ्हाईक येणार कसे? तिसरे मत ज्येष्ठ नागरिकांचे व पालकांचे: सायकलमार्गावरून आणि पदपथावरून दुचाकी सर्रास चालतात, त्यामुळे चालणाऱ्याला पूर्वी होती तेवढीही सुरक्षितता राहिलेली नाही. चौथे मत सायकल चालवणाऱ्यांचे, आणि ते बहुतेकांना अनपेक्षित वाटते: आम्हीसुद्धा हा मार्ग वापरत नाही, कारण तो विजेच्या पेटीपाशी किंवा झाडापाशी अचानक संपतो, चौकात तर तो नसतोच, आणि जिथे असतो तिथे कुणाची तरी मोटार उभी असते.

या चारही मतांना आधार आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. सायकलमार्गांचा कैवार घेणाऱ्यांत एक खोड दिसते: विरोध करणाऱ्याला ते मागासलेला किंवा स्वार्थी ठरवून मोकळे होतात. वस्तुस्थिती अशी की आपल्याकडे जे सायकलमार्ग बांधले गेले ते बहुतांशी हास्यास्पद आहेत. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर या मार्गावर बीआरटी सुरू झाली तेव्हाही बाजूने सायकलमार्ग आखले होते. त्यांच्यावर खांब, बसथांबे, राडारोडा आणि टपऱ्या यांनी केव्हाच कब्जा केला. सलग नसलेला सायकलमार्ग हा मधल्या दोन कमानी नसलेल्या पुलासारखा असतो. त्यावर वर्दळ नाही म्हणून पुलाची गरजच नाही, असा निष्कर्ष कुणी काढत नाही. सायकलमार्गाच्या बाबतीत मात्र तो राजरोस काढला जातो.

इथवरचा वाद अभियंत्यांचा आहे आणि तो त्यांनी सोडवावा. साहित्याच्या अभ्यासकाचे काम पुढे सुरू होते, कारण ही मते ज्या भाषेत मांडली जातात ती भाषा तपासून पाहण्याजोगी आहे.

'पार्किंगची गैरसोय होते', 'वाहतूककोंडी होते', 'अपघात होतात' ही या लेखनातील हमखास आढळणारी वाक्ये. तिन्ही वाक्यांत करणारा कुणी नाही. कोंडी 'होते', जसा पाऊस होतो. वास्तविक 'कोंडणे' हे सकर्मक क्रियापद आहे. कोंडणारा असल्याशिवाय कोंडी संभवत नाही, आणि कोंडीत अडकलेली प्रत्येक मोटार ही इतरांच्या दृष्टीने कोंडणारीच असते. पण मराठी व्याकरणाने दिलेली ही सोय आपण इतकी अंगवळणी पाडून घेतली आहे की कर्त्याची उणीव कुणाला जाणवत नाही. उलट 'सायकलवाला एकदम मध्ये आला' या वाक्यात कर्ता ठळकपणे उपस्थित आहे, त्याची कृती आहे, तिचे क्रियाविशेषणही आहे. रस्त्यावरील सर्वांत दुबळ्या माणसाला वाक्यात कर्तेपद मिळते ते केवळ दोष देण्यासाठी. वर्तमानपत्रांतील बातम्यांत तिसरा प्रकार दिसतो: 'भरधाव ट्रकने चिरडले'. इथे कर्ता आहे, पण तो माणूस नाही, यंत्र आहे. जणू ट्रक स्वतःच्या मर्जीने भरधाव निघाला होता.

प्रत्ययांतही हीच उतरंड आहे. मोटारीचा 'चालक' असतो किंवा 'मालक'. दुचाकीचा 'स्वार' असतो. घोडा गेला तरी घोडेस्वाराचा रुबाब शब्दात उरला आहे. सायकलीचा मात्र बोलीत 'वाला' होतो, भाजीवाला आणि रद्दीवाला यांच्या पंक्तीला. याला अपवाद एक: शिरस्त्राण घालून पहाटे सिंहगडाच्या दिशेने निघणारा 'सायकलपटू'. हा पटू आणि तो वाला एकाच वाहनावर असले तरी एका समाजात नाहीत. औंधमधील सायकलमार्गाची चर्चा होते तेव्हा समर्थकांच्या आणि विरोधकांच्याही डोळ्यांसमोर पटू असतो. त्यामुळे सायकलमार्ग म्हणजे हौशी लोकांचे लाड, हा आक्षेप पटण्याजोगा वाटू लागतो. वाला त्या चित्रात कुठेच नसतो.

मग 'अपघात' हा शब्द. यातील 'घात' हा प्रहाराचा, हत्येचा वाचक. विश्वासघात, आत्मघात या शब्दांत घात करणारा स्पष्ट असतो. अपघातात तो हरवला. आज अपघात म्हणजे दैवगती, ज्याला कुणी जबाबदार नाही असे काही. इंग्रजीतही हीच अडचण आहे, आणि म्हणून 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने २००१ मध्ये 'ॲक्सिडेंट' हा शब्द आपल्या पानांवरून वर्ज्य करण्याचे ठरवले. टाळता येण्याजोग्या इजेला तो शब्द लावणे दिशाभूल करणारे आहे, ही त्यामागची भूमिका. आपला कायदासुद्धा बोलीपेक्षा काटेकोर आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ निष्काळजीपणाने मृत्यू घडवून आणण्याविषयी बोलते. तिथे निष्काळजी कुणीतरी आहे आणि मृत्यू 'घडवला' गेला आहे. रहिवाशांच्या निवेदनात मात्र तो 'होतो'.

हा घात किती जणांचा होतो, हेही पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवर होती, सुमारे १९.५ टक्के पायी चालत होती आणि सुमारे तीन टक्के सायकलीवर. म्हणजे मृतांपैकी दोन-तृतीयांश माणसे अशी की ज्यांच्या अंगाभोवती पत्र्याचे कवच नव्हते. या आकड्यांवरून एक गोष्ट ध्यानात यावी. सायकलमार्गाला 'मूठभर सायकलवाल्यांसाठी' म्हणून विरोध करणारा रहिवासी बहुधा स्वतः दुचाकीवर असतो, आणि मृत्यूच्या या यादीत सर्वांत मोठा गट त्याचाच आहे. ज्या रचनेमुळे मोटारीचा वेग आटोक्यात येतो, चौक ओलांडण्याचे अंतर कमी होते, उभ्या आणि धावत्या वाहनांच्या जागा निश्चित होतात, ती रचना त्याचाही जीव वाचवते. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते, हे शाळेत शिकलेले भौतिकशास्त्र रस्त्यावर विसरले जाते. सायकलमार्ग ही निव्वळ सायकलींची व्यवस्था नसते. मोटारीला आखून दिलेली ती मर्यादा असते. आक्षेपाचे मूळ तिथेच आहे, आणि तसे ते कुणी उघडपणे म्हणत नाही.

आता ज्या दोन शब्दांना या लेखाच्या शीर्षकात जागा दिली आहे त्यांच्याकडे वळतो. 'रहिवासी' आणि 'रहदारी' हे कानाला सख्खे वाटणारे शब्द नात्याने परके आहेत. रहिवाशातील 'रह' हे आपले राहणे. रहदारीतील 'रह' म्हणजे फारसीतील वाट; जुन्या कागदपत्रांत रहदारी म्हणजे वाटेने जाऊ देण्याचा परवाना किंवा त्यासाठीची जकात, असाही अर्थ आढळतो. एक शब्द राहणाऱ्याचा, दुसरा जाणाऱ्याचा. आज 'वाहतूक' या शब्दाने रहदारीला बरेचसे हटवले आहे; पण रहदारीत पायी जाणारा माणूस सहज सामावतो, वाहतुकीत वाहन आधी येते.

रस्त्याविषयी मते मागवली जातात ती रहिवाशांची. हे स्वाभाविक दिसते: ज्यांच्या दारातला रस्ता, त्यांचे मत. पण रस्ता ही मुळात जाणाऱ्यांची वास्तू आहे. औंधमधील रस्त्यांवर पहाटेपासून सायकलीवर कोण असते? सोसायट्यांचे रखवालदार, दूध आणि वर्तमानपत्रे टाकणारी मुले, बांधकामावर जाणारे गवंडी आणि रंगारी, सुतार, माळी, हॉटेलांत काम करणारे, घरकामाला येणाऱ्या काही बायका. यांतील बरेच औंधमध्ये राहत नाहीत, कारण त्यांना तिथे राहणे परवडत नाही. कुणी बोपोडी-खडकीकडून येते, कुणी मुळेपलीकडील सांगवीतून. सांगवी तर पिंपरी-चिंचवड महापालिकेत मोडते; म्हणजे नदी ओलांडून औंधमध्ये रोज कामाला येणारा माणूस ज्या रस्त्यावर जीव मुठीत धरून सायकल चालवतो, तो रस्ता ज्या महापालिकेचा आहे तिचा तो मतदारही नाही. त्याची हरकत कोण नोंदवणार? कागदोपत्री ती नोंदवायला बंदी नाही. पण निवेदन वर्तमानपत्रात येते, बैठक संध्याकाळी सोसायटीच्या सभागृहात होते, आणि त्या वेळी तो त्याच सभागृहाच्या फाटकाशी पहाऱ्यावर असतो.

साहित्याच्या वर्गात आपण विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारायला शिकवतो: ही गोष्ट कोण सांगते आहे, आणि कुणाला बोलू दिलेले नाही? दलित साहित्याने आणि स्त्रीवादी समीक्षेने हा प्रश्न मराठी वाचकाच्या अंगी मुरवला, निदान मुरवायला हवा होता. मग हाच वाचक आपल्या गल्लीतील रस्त्याची चर्चा ऐकताना तो प्रश्न घरी का ठेवून येतो? सिनेमाचे रसग्रहण करताना आपण दे सिकाच्या 'बायसिकल थीव्ज'वर (१९४८) तासभर बोलतो. सायकल गेली तर त्या माणसाची भिंतीवर जाहिराती चिकटवण्याची नोकरी जाते, एवढ्यावर तो सगळा चित्रपट उभा आहे, हे समजावून सांगतो. सायकल म्हणजे रोजगार, हे रोममध्ये आपल्याला दिसते. औंधमध्ये दिसत नाही.

याला आपली स्मरणरंजनाची सवयही कारण आहे. पुणे हे सायकलींचे शहर होते, हे वाक्य पुण्याविषयीच्या प्रत्येक लेखात येते. पु. ल. देशपांडे यांनी पुणेकर रंगवला तेव्हा त्यातही सायकल आलीच. पण ही आठवण आपण काढतो ती हरवलेल्या निरागसतेसारखी, आणि त्यामुळे ती निरुपयोगी ठरते. पुणेकर सायकल चालवत होते ते सद्गुणी होते म्हणून नव्हे. शहर आटोपशीर होते, प्राध्यापकापासून कारखान्यातल्या कामगारापर्यंत अनेकांना दुसरे वाहन परवडत नव्हते, आणि रस्त्यावर त्यांना चिरडू शकेल असे फारसे काही धावत नव्हते. मग त्याच परिसरात आकुर्डीला स्कूटरचा कारखाना उभा राहिला, १९७२ मध्ये पुण्यातूनच लूना आली, शहर हिंजवडीपर्यंत पसरले, आणि बससेवा त्या वेगाने वाढली नाही. लोकांनी सायकल सोडली ती आळसाने नव्हे, अंतर आणि भीती या दोन कारणांनी. आणि मुख्य म्हणजे सर्वांनी ती सोडलेली नाही. ज्यांना सोडता आली त्यांनी सोडली. 'सायकलींचे शहर होते' या भूतकाळवाचक वाक्यात जे आजही सायकलीवर आहेत ते पुसले जातात. रिकाम्या पट्टीकडे बोट दाखवणाऱ्याला शेजारच्या रस्त्यावर, मोटारींच्या मधून वाट काढत निघालेली सायकल दिसत नाही, याचे हेही एक कारण असावे.

रहिवाशाचे मत म्हणून काही शिल्लकच राहत नाही का? राहते, आणि ते फार मोलाचे आहे. फक्त ते आज विचारले जाते त्या प्रश्नाच्या उत्तरात सापडणार नाही. डोनाल्ड ॲपलयार्ड या नगररचनाकाराने सॅन फ्रान्सिस्कोतील एकमेकांसारख्या तीन रस्त्यांचा अभ्यास केला. एकावरून दिवसाला सुमारे दोन हजार वाहने जात, एकावरून सुमारे सोळा हजार, तिसरा मधला. त्याने रहिवाशांना सायकलमार्ग हवा की नको असे विचारले नाही. तुमचे या रस्त्यावर मित्र किती, ओळखीचे किती, तुमचे 'घर' कुठून कुठवर आहे असे विचारले. कमी रहदारीच्या रस्त्यावर माणशी सरासरी तीन मित्र निघाले, वाहत्या रस्त्यावर एकही पुरता नाही, ०.९. पहिल्या रस्त्यावरील लोकांनी नकाशात आपले घर म्हणून अख्खा रस्ता दाखवला. दुसऱ्यावरील लोक खिडक्या बंद करून मागच्या खोल्यांत सरकले होते. हे सर्व त्याच्या 'लिव्हेबल स्ट्रीट्स' (१९८१) या पुस्तकात आहे. पुढच्याच वर्षी अथेन्समध्ये भरधाव मोटारीच्या धडकेने ॲपलयार्डचा मृत्यू झाला.

या अभ्यासावरून असे दिसते की वाहनांचा वेग आणि संख्या रहिवाशाचे रहिवासीपणच हळूहळू कमी करतात. तो राहतो तिथेच, पण त्याचा शेजार आक्रसतो. औंधच्या जुन्या गावठाणात अजून ओट्यावर बसून रस्त्याकडे पाहता येते. आयटीआय रस्त्यावरच्या सदनिकेत राहणारा मात्र रस्त्याकडे पाठ करून बसतो. असे असता रस्ता मोटारींना मोकळा करून द्या, अशी मागणी रहिवाशानेच करावी, ही विसंगती आहे. तो बोलतो तेव्हा त्याच्या तोंडून त्याच्यातील मोटारमालक बोलत असतो. सकाळी मुलाला शाळेत पोहोचवताना त्याचा हात घट्ट धरणारा बाप त्या वेळी गप्प असतो. एकाच माणसात हे दोघे राहतात. हरकतीच्या अर्जात मात्र एकाच सहीची जागा असते.

नेदरलँड्स हा देश पूर्वापार सायकलींचा, अशी आपली समजूत असते. तिथेही युद्धानंतर मोटारी वाढल्या, सायकली हटल्या, आणि १९७१ या एका वर्षात सुमारे ३,३०० माणसे रस्त्यांवर मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. फिक लांगेनहोफ या पत्रकाराची लहान मुलगी अशीच गेली. १९७२ मध्ये त्याने जो लेख लिहिला त्याच्या शीर्षकाचा अर्थ होता 'मुलांची हत्या थांबवा', आणि पुढे त्याच नावाने चळवळ उभी राहिली. ॲमस्टरडॅममधील द पाइप या दाट वस्तीत शाळकरी मुलांनीच आपला रस्ता खेळण्यासाठी बंद करण्याची मागणी केली, तेव्हा मोटारवाले रहिवासी आणि इतर यांच्यात रस्त्यावर बाचाबाची झाली. त्याचे त्या काळातील चित्रण उपलब्ध आहे. म्हणजे तिथेही मते दुभंगलेलीच होती. १९७३ च्या तेलटंचाईने धोरणाला धक्का दिला हे खरे. पण त्याआधी एक भाषिक घटना घडली होती. 'अपघात' या शब्दाच्या जागी कुणीतरी 'हत्या' हा शब्द ठेवला. तो शब्द कायद्याच्या दृष्टीने बरोबर नव्हता, आणि तोलूनमापून बोलणाऱ्यांना रुचणाराही नव्हता. पण त्यात कर्ता होता, आणि कर्ता असल्यावर त्याला थांबवता येते.

औंधमध्ये एक चौक आहे, ब्रेमेन चौक. पुण्याशी मैत्रीचे नाते असलेल्या जर्मन शहराचे नाव त्याला दिले आहे, आणि ते शहर सायकलींसाठी ओळखले जाते. त्या चौकातून आज सायकल घेऊन जाणे किती अवघड आहे, हे तिथून एकदा जाणाऱ्याला सांगावे लागत नाही. नावे देणे आपल्याला जमते.

आता या लेखाला स्वतःची बाजू घेतली पाहिजे. माझ्या मते सायकलमार्ग असावेत की नसावेत हा प्रश्न बहुमताने सोडवण्याचा नाही. बैठकीतील हात मोजून कुणाचा जीव किती धोक्यात ठेवायचा हे ठरवता येत नाही, विशेषतः ज्याचा जीव धोक्यात आहे तो त्या बैठकीत नसताना. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने रस्त्यावरील जागेची वाटणी वाहनांऐवजी माणसांचा विचार करून व्हावी, असे तत्त्व मान्य केले; त्याला आता दोन दशके होत आली. ते तत्त्व स्वीकारले की मार्ग सलग हवा, चौकातूनही हवा, दुचाकीला आत येता येणार नाही असा हवा, आणि त्यासाठी मोटारी उभ्या करण्याची फुकट जागा कमी करावी लागेल, हे ओघाने येते. मार्च २०१८ मध्ये पुण्याच्या मुख्य सभेने निवडक रस्त्यांवर सशुल्क पार्किंगचे धोरण मंजूर केले होते. ते अमलात आले नाही. अडचण तंत्राची नाही, पैशाचीही फारशी नाही. सार्वजनिक रस्त्यावर मोफत मोटार उभी करणे हा आपला हक्क आहे, अशी आपली समजूत झाली आहे. त्या समजुतीवर सही करणाऱ्यांत आपण, शिकलेले आणि लिहिते लोक, बहुसंख्येने आहोत.

यावर आक्षेप येईल की हे लोकशाहीविरोधी आहे. रहिवाशांना डावलून वरून लादलेले काहीच टिकत नाही. आक्षेप गंभीर आहे, आणि औंधच्या अनुभवात त्याला पुष्टीही मिळते. पण त्याचा अर्थ इतकाच की विचारण्याची पद्धत बदलली पाहिजे. मार्ग असावा की नाही हे न विचारता तो कसा असावा हे रहिवाशांना विचारावे: कुठल्या फाटकापाशी उतार हवा, दुकानासमोर माल उतरवण्याची वेळ कोणती असावी, शाळेच्या दारातून मुले कुठे रस्ता ओलांडतात, पावसाळ्यात पाणी कुठे साचते. हे ज्ञान रहिवाशापाशीच असते आणि अभियंत्यापाशी नसते. आणि विचारायला जाणाऱ्याने सकाळी सहा वाजता पुलावर उभे राहून, सांगवीकडून येणाऱ्या सायकली थांबवून, त्यांवरील माणसांनाही विचारावे. रहदारीचे मत घेतल्याखेरीज रहिवाशांचे मत पुरे होत नाही.

भाषेच्या शिक्षकांना एक सूचना करून थांबतो. व्याकरणातील प्रयोग शिकवताना आपण वर्षानुवर्षे राम आणि आंबा यांचीच उदाहरणे देत आलो. त्याऐवजी विद्यार्थ्यांच्या हाती रस्त्याविषयीची अशी दहा निवेदने द्यावीत आणि प्रत्येक वाक्यातील हरवलेला कर्ता शोधून वाक्य पुन्हा लिहायला सांगावे. 'सायकलमार्गामुळे पार्किंगची गैरसोय होते' हे वाक्य मग काहीसे असे होईल: 'मला माझी मोटार दुकानासमोर उभी करायची आहे, म्हणून सायकलवरून कामाला जाणाऱ्या माणसाने धावत्या मोटारींच्या मधून जावे, असे माझे म्हणणे आहे.' हेही एक मत आहे आणि ते बाळगण्याचा अधिकार कुणालाही आहे. इतक्या स्पष्ट मराठीत लिहिल्यावर त्याखाली किती जण सही करतात, ते पाहावे.